फिल्टरला हवा मारण्याआधी थांबा

सर्व्हिसिंग झालेली गाडी ताब्यात घेताना आपण हमखास एक प्रश्न विचारतो, "ऑइल बदललं ना?" एअर फिल्टरचं नाव क्वचितच निघतं. निघालंच तर उत्तर ठरलेलं असतं, "हवा मारलीय दादा, अजून चालतोय की!" आपल्यालाही बरं वाटतं, दोन-तीनशे रुपये वाचले. दुचाकी चालवणाऱ्या समस्त मंडळींना माझी विनंती आहे, या उत्तरावर समाधान मानू नका. आपल्या गाडीत कोणत्या जातीचा फिल्टर आहे ते आधी माहीत करून घ्या. काही फिल्टर धुवायचे असतात, काही झटकायचे असतात. आणि सध्या रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी गाड्यांतला फिल्टर धुवायचाही नसतो आणि झटकायचाही नसतो. मुदत भरली की तो काढून टाकायचा आणि नवा बसवायचा, एवढंच. त्याला हवा मारली तर तो साफ होत नाही, कामातून जातो.

इंजिन पेट्रोल पितं, पण हवा किती ओढतं?

एक लिटर पेट्रोल नीट जळायला अंदाजे ११ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचं तर नऊ हजार लिटरच्या आसपास. पंपावर पाच लिटर टाकून निघालात, तर ते संपेपर्यंत इंजिनाने ४५ हजार लिटर हवा ओढलेली असते. गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा, तशा ४५ टाक्या भरतील इतकी. ही सगळी हवा तळहाताएवढ्या एका फिल्टरमधून गाळून जाते.

शिवाय ती हवा कुठली, तर रस्त्यालगतची, पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेली. दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे कच्च्या रस्त्यावर पुढचं दिसत नाही. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत शेताकडेच्या वाटांवर भुसा आणि माती एकत्र उडत असते. खडी क्रशरजवळून रोज जाणाऱ्याच्या फिल्टरवर पांढरट राखाडी थर बसतो, कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यांवरचा फिल्टर तांबडा होतो. शहरातल्या माणसानेही निर्धास्त राहू नये. मेट्रोचं खोदकाम, उड्डाणपुलाचं काँक्रीट, उखडलेली साइडपट्टी यांची धूळ काही कमी नसते.

ही धूळ आत गेली तर काय होतं? इंजिनाच्या सिलिंडरला आतून तेलाचा पातळ थर असतो. त्यावरच पिस्टनच्या रिंगा वरखाली घसरत असतात. फिल्टरमधून सुटलेले बारीक कण त्या तेलाला चिकटतात. वाळूतली गार ही लोखंडाहून कठीण, खडीची भुकटी म्हणजे तर दगडच. तेल आणि दगडाची भुकटी एकत्र आली की घासकाम सुरू होतं. व्हॉल्व्ह घासून बसवायला गॅरेजमध्ये मुद्दाम अशीच पेस्ट वापरतात. तिथे ते काम मिनिटा-दोन मिनिटांचं असतं, इथे ते मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने रोज चालू राहतं.

यातली वाईट गोष्ट अशी की सुरुवातीला काहीच कळत नाही. गाडी चालते, आवाज तोच, ॲव्हरेज तेच. पुढे केव्हातरी ऑइलची पातळी खाली जायला लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, किक हलकी लागते, चढावर पिकअप पडतो. मेकॅनिक सांगतो, "ब्लॉक-पिस्टन करावं लागेल." आपण काही हजार रुपये मोजतो आणि म्हणतो, गाडी जुनी झाली. जिच्यामुळे झालं ती दोन-तीनशे रुपयांची वस्तू कुणाच्या लक्षातही येत नाही.

तीन जाती, तीन तऱ्हा

पहिली जात फोमची. मऊ स्पंजचा तुकडा, हातात दाबला तर दबतो. जुन्या पिढीतल्या बऱ्याच मोटारसायकलींमध्ये हा असायचा आणि अजूनही काही गाड्यांत असतो. हा धुता येतो. पण धुऊन नुसता कोरडा बसवला तर उपयोग नाही. याची छिद्रं मोठी असतात आणि धूळ अडवण्याचं खरं काम त्यात मुरवलेलं तेल करतं. तेल लावायला विसरलात तर बारीक धुळीला वाट मोकळीच.

दुसरी जात कोरड्या कागदाची. जाडसर कागदाच्या बारीक घड्या, रंग बहुधा पांढरा-पिवळा, हाताला कोरडा. हा पाण्यात घालायचा नाही आणि तेलात तर मुळीच नाही. पुस्तिकेत परवानगी असेल तर हलक्या हाताने झटकून, आतल्या म्हणजे स्वच्छ बाजूने बाहेर अशी बेताची हवा मारून काही काळ वापरता येतो. पण तो कायम असाच चालवता येत नाही. ठरलेल्या मुदतीला बदलावाच लागतो.

तिसरी जात व्हिस्कस कागदाची, म्हणजे तेलकट चिकट द्रव मुरवलेल्या कागदाची. घड्या तशाच दिसतात, पण नव्या फिल्टरला बोट लावलं तर किंचित तेलकट, चिकट लागतं. होंडाच्या ॲक्टिव्हा, शाइन यांसारख्या गाड्यांत हा बरीच वर्षं आहे आणि इतर कंपन्यांच्याही अनेक गाड्यांत तो आता सर्रास दिसतो. हा साफ करायचा नाही, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. मुदत साधारण १५-१६ हजार किलोमीटरची दिलेली असते, आणि धुळीत किंवा पावसात जास्त चालणारी गाडी असेल तर त्याआधीच बदला, असंही सांगितलेलं असतं. रोज क्रशरच्या किंवा उसाच्या रस्त्यावर असाल तर ही मुदत मी सरळ निम्मी धरायला सांगेन.

आपला फिल्टर कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. धूळ बसली की कोरडा आणि व्हिस्कस दोन्ही सारखेच काळपट दिसतात. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका कपाटातून काढा. हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. देखभालीच्या तक्त्यात एअर फिल्टरच्या ओळीत 'साफ करा' आहे की 'बदला' आहे, एवढं पाहिलं तरी काम झालं.

हवेच्या नळीने काय बिघडतं?

टायरमध्ये आपण पंचवीस-तीस पीएसआय हवा भरतो. त्याच दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या टाकीत त्याच्या तिप्पट-चौपट दाब असतो. ती नळी कागदाला चिकटवून धरली की घडीच्या टोकाला कागद फाटतो. छिद्र टाचणीच्या टोकाएवढं असलं, तरी हवा सोपी वाट शोधते आणि धूळ तिच्याबरोबर जाते.

व्हिस्कस फिल्टरमध्ये नुकसान दुहेरी होतं. हवेच्या झोताने धूळ थोडी उडते, पण बाकीची कागदात आणखी खोल घुसते, आणि धूळ धरून ठेवणारं तेल विस्कटतं. वरून फिल्टर उजळ दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि इंजिनाला मात्र पूर्वीपेक्षा जास्त धूळ खावी लागते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही, पण ती खरी आहे. कागदाचा फिल्टर थोडा वापरला गेला की धूळ अडवण्यात नव्यापेक्षा सरस होतो. अडकलेले कण मोठ्या छिद्रांची तोंडं बारीक करतात आणि पुढची धूळ त्या थरातच अडते. हे अर्थात एका हद्दीपर्यंत. थर फार जाड झाला की इंजिनाला श्वास पुरत नाही. म्हणून फिल्टर काळा दिसला की लगेच घाबरायचं कारण नाही, आणि दर महिन्याला उघडून झटकत बसण्यातही शहाणपणा नाही. प्रत्येक वेळी कव्हर उघडलं की थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडण्याची भीती असतेच.

घरी करायचं तर असं करा

हे काम अवघड नाही. स्टार स्क्रू-ड्रायव्हर, एखाद-दुसरा पाना, स्वच्छ सुती फडकं एवढ्यावर भागतं. इंजिन बंद आणि थंड असू द्या. बहुतेक मोटारसायकलींत फिल्टरचा डबा सीटच्या खाली, बाजूच्या प्लॅस्टिक कव्हरच्या मागे असतो. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरवर तो डाव्या बाजूला, बेल्टच्या कव्हरच्या वर दिसतो. कव्हर उघडण्याआधी आजूबाजूची माती ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर स्क्रू काढताना तीच आत पडते. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, कोणता भाग कसा बसला होता ते नंतर कामाला येतं.

फिल्टर बाहेर काढलात की आधी त्याच्याकडे पाहू नका, डब्याकडे पाहा. इंजिनाकडे हवा जाते त्या तोंडाशी, म्हणजे फिल्टरच्या पलीकडच्या स्वच्छ बाजूला, बोट फिरवा. बोट स्वच्छ निघालं तर फिल्टर आपलं काम करतोय. बोटाला कोरडी करकरीत धूळ लागली, तर फिल्टर फाटलाय, वाकडा बसलाय किंवा त्याच्या कडेचं रबर गेलंय. अशा वेळी तो कितीही नवा असो, बदला. या एका बोटाने जे कळतं ते फिल्टरच्या रंगावरून कळत नाही. मग त्या तोंडात स्वच्छ फडकं खोचून डबा आतून पुसून घ्या. फडकं परत काढायला मात्र विसरू नका.

कोरड्या कागदाचा फिल्टर असेल तर आतून मोबाइलचा टॉर्च धरा. सगळीकडे सारखा मंद उजेड दिसला पाहिजे. कुठे ठळक ठिपका चमकला तर तिथे छिद्र आहे.

फोम असेल तर डिटर्जंटच्या कोमट पाण्यात किंवा रॉकेलमध्ये धुवा. दाबून दाबून धुवा, कपड्यासारखा पिळा घालू नका, फोम चिरतो. पेट्रोलमध्ये तर अजिबात धुऊ नका. प्लॅस्टिकच्या टबात पेट्रोल ओतून अंगणात बसणं म्हणजे भडक्याला आमंत्रण, आणि फोमचे सांधेही त्याने सुटू शकतात. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्या. मग पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं नवं तेल त्यात मुरवा आणि जादा तेल दाबून काढा. थेंब गळतील इतकं तेल ठेवलंत तर तेही इंजिनाच्या घशात जाईल. गाडीतून काढलेलं काळं ऑइल यासाठी वापरू नका, त्यात आधीच कचरा असतो.

परत बसवताना कडेचं रबर सगळीकडून सारखं बसलंय का, हे बोटांनी चाचपा. कव्हरचे सगळे स्क्रू लावा. "दोन कमी असले म्हणून काय होतंय," हे गॅरेजमधलं वाक्य ऐकून घेऊ नका. कव्हर एका कोपऱ्यात जरी उचललेलं राहिलं तरी हवा तिथूनच आत जाते आणि फिल्टर नुसता नावाला उरतो. डब्यापासून कार्ब्युरेटरकडे किंवा थ्रॉटल बॉडीकडे जाणारं रबर वाकवून बघा. जुन्या गाड्यांत ते तडकलेलं असतं, त्याची क्लिप सैल असते. ही गळती फिल्टरच्या पुढची असल्याने तिथून शिरलेली धूळ अडवायला वाटेत काहीच नसतं.

डब्याच्या खाली एक छोटी नळी लोंबते, बऱ्याच गाड्यांत पारदर्शक, टोकाला बूच लावलेली. तिच्यात तेल आणि पाणी साचतं. पावसाळ्यात पांढरट, दुधाळ गाळ दिसतो. भांडं खाली धरून बूच काढा, गाळ जाऊ द्या आणि बूच परत लावा. हे काम एका मिनिटाचं आहे, पण सर्व्हिसिंगमध्ये ते फार थोडे लोक करतात.

गाडी शेतावरच्या शेडमध्ये किंवा कांद्याच्या चाळीजवळ आठवडेच्या आठवडे उभी असेल तर डबा उघडून एकदा पाहाच. उंदरांना ही जागा भारी आवडते. चिंध्या, गवत, फिल्टरचाच कुरतडलेला कागद असा संसार आत मांडलेला सापडतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगणं

कागदाचा फिल्टर भिजला की उन्हात वाळवून परत लावू नका. वाळल्यावर तो वरून ठीक दिसतो, पण कागद लवलेला असतो आणि घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. नवा टाका. वॉशिंग सेंटरवर गाडी धुताना मोठ्या दाबाचा फवारा सीटखाली आणि बाजूच्या फटींत मारू देऊ नका, पाणी थेट डब्यात जातं.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणमध्ये घरंच पाण्याखाली गेली, तिथे गाड्यांची काय कथा! अशी गाडी पाण्यातून बाहेर काढली की हात शिवशिवतात, एक किक मारून बघावी वाटतं. ती किक मारू नका, सेल्फही दाबू नका. डब्यातून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टन वर येताना त्याला वाट मिळत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो. आधी फिल्टरचा डबा उघडा. आत पाणी दिसलं तर गाडी ढकलत मेकॅनिककडे न्या, प्लग काढून पाणी बाहेर काढल्यावर आणि ऑइल बदलल्यावरच ती सुरू करा.

ॲव्हरेजच्या नावाखाली फसू नका

फिल्टर बदला, ॲव्हरेज दहाने वाढेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त असं मिश्रण होतं. प्लग काळा येतो, धुराला पेट्रोलचा वास येतो, पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढतो, आणि थोडं ॲव्हरेजही पडतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे सेन्सर हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतात. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मोटारींवर चाचण्या घेतल्या. इंजेक्शनच्या नव्या मोटारींत तुंबलेल्या फिल्टरमुळे इंधनाच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, पिकअपमध्ये मात्र दिसला. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारीत इंधनाचाही काही टक्के फरक पडला. चाचण्या मोटारींच्या असल्या तरी यामागचं तत्त्व दुचाकीलाही लागू पडतं.

याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. ॲव्हरेज पडलेलं नाही म्हणजे फिल्टर ठीक आहे, असं नव्या गाडीत म्हणता येत नाही. फाटलेल्या फिल्टरची गाडी तर उलट मोकळी पळते. काही पोरं आवाजासाठी फिल्टरच काढून टाकतात, आणि गाडी हलकी झाल्यासारखी वाटते म्हणून खूश होतात. त्यांच्या आईवडिलांनी ब्लॉक-पिस्टनचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

विकत घेताना

कम्युटर गाडीचा अस्सल फिल्टर साधारण दीडशे ते चारशे रुपयांत येतो. तो कंपनीच्या अधिकृत दुकानातून किंवा ओळखीच्या स्पेअर पार्टवाल्याकडून घ्या. गाडीचं मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगा, कारण नाव तेच राहतं आणि आतला फिल्टर बदललेला असतो. बीएस-४ आणि बीएस-६ मध्ये तर हा गोंधळ नेहमीचा. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि एमआरपी पाहा. नकली फिल्टरच्या घड्या विरळ आणि वेड्यावाकड्या असतात, कडेचं रबर कडक असतं आणि डब्यात बसवताना ते ढिलं किंवा वाकडं राहतं. पन्नास रुपये वाचवून असा फिल्टर बसवण्यापेक्षा जुना महिनाभर जास्त चाललेला बरा.

मेकॅनिक मंडळींनाही एक सांगणं आहे. गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुर करतं म्हणून तुम्ही हवा मारून देता, हे समजण्यासारखं आहे. पण 'हवा मारली' म्हणण्याऐवजी "हा बदलायचा फिल्टर आहे, मुदत संपलीय" असं एकदा सांगून पाहा, जुना फिल्टर हातात देऊन दाखवा. दहातले सात जण नाही म्हणाले तरी तिघांची इंजिनं वाचतील, आणि ते तिघे तुमच्याकडेच परत येतील.

वाचकांना शेवटचं एवढंच सांगतो. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना तोंडी नको, जॉब कार्डवर लिहून घ्या: एअर फिल्टर तपासा, मुदत झाली असेल तर बदला, साफ करू नका, जुना परत द्या. फोमची गाडी असेल तर 'धुऊन तेल लावा' असं लिहा. आणि नवा बसवला की मार्करने डब्याच्या कव्हरवर तारीख आणि किलोमीटर टाका. पुढच्या वेळी कुणी "अजून चालतोय" म्हणालं, तर त्या आकड्याकडे बोट दाखवा.